कीबोर्ड केस घेताना उजवी कड आधी बघा

टॅबलेटच्या कीबोर्ड केसबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बरेचसे प्रश्न खरेदीनंतरच्या पस्ताव्याचे आहेत. म्हणून खरेदीआधी काय मोजायचे, ते जरा सविस्तर दिले आहे.

प्रश्न: माझा आयपॅड 10.9 इंची, 10व्या पिढीचा आहे. आयपॅड एअर 10.9 ची कीबोर्ड केस स्वस्तात मिळते आहे. स्क्रीन तेवढीच, तर बसायला काय हरकत आहे?

उत्तर: घेऊ नका, बसणार नाही. 10.9 इंच हे स्क्रीनच्या कर्णाचे माप आहे, टॅबलेटच्या अंगाचे नाही. तुमचा आयपॅड 248.6 × 179.5 × 7 मिमी आहे. 5व्या पिढीचा एअर 247.6 × 178.5 × 6.1 मिमी. कागदावर हा फरक मिलिमीटरभराचा वाटतो, पण कडक प्लास्टिकच्या साच्यात तेवढा पुरतो. 6.1 मिमीच्या खाचेत 7 मिमीचे अंग कोंबले की एक कोपरा उचललेला राहतो, आणि तो दाबून बसवायला गेले की क्लिप तडकते.

माप कसेबसे जुळले तरी बाकीचे जुळत नाही. एअरचा स्मार्ट कनेक्टर, म्हणजे ते तीन धातूचे ठिपके, पाठीवर आहेत. तुमच्या आयपॅडचे लांब कडेवर आहेत. तुमचा पुढचा कॅमेरा लांब कडेला, त्या एअरचा आखूड कडेला. केस मिटल्यावर स्क्रीन बंद करणारे चुंबकही ठरावीक जागीच असावे लागते. ते सरकले तर स्क्रीन मिटल्यावर बंद होत नाही किंवा टाइप करताकरता मध्येच बंद होते.

खरेदी करायची ती मॉडेल क्रमांकावरून. आयपॅडमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असे जाऊन मॉडेल नंबरवर एकदा बोट लावा, म्हणजे ए आणि पुढे चार आकडे दिसतील. अँड्रॉइडमध्ये अबाउट टॅबलेटखाली तो मिळतो. केसच्या खोक्यावरच्या यादीत नेमका तोच क्रमांक हवा. ‘सर्व 10 ते 11 इंची टॅबलेटसाठी’ असे लिहिलेल्या केसमध्ये टॅबलेट रबरी पकडीने किंवा चिकट पट्टीने धरलेला असतो. घरात एका टेबलावर ठेवून वापरायला ती चालते, रोज पिशवीतून नेण्याआणण्याला नाही.

प्रश्न: मला मराठीत लांब मजकूर लिहायचा असतो. टॅबलेट 8 इंची आहे. त्याची कीबोर्ड केस घ्यावी की 11 इंची टॅबलेटच घ्यावा?

उत्तर: आधी थोडे गणित. नेहमीच्या संगणकाच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण 19 मिमी अंतर असते. क्यू ते पी या दहा बटणांत अशी नऊ अंतरे, म्हणजे 171 मिमी. कोणत्याही केसवर पट्टी ठेवून क्यूच्या मध्यापासून पीच्या मध्यापर्यंत मोजा आणि नऊने भागा. उत्तर 17 च्या वर आले तर दोन्ही हातांनी, न बघता लिहिता येते. 16 ला चुका वाढतात. त्याखाली बोटे एकमेकांवर चढतात. 8 इंची टॅबलेटची केस 200 ते 210 मिमी रुंद असते, त्यामुळे तिथे 15-16 च्या पुढे जाताच येत नाही.

पण मराठीसाठी हे अर्धेच गणित झाले. क्यूच्या ओळीत टॅब, दहा अक्षरे, दोन चौकटी कंस आणि उलटी तिरकी रेघ एवढे सगळे पूर्ण मापाने बसवायचे तर 15 बटणांची (टॅब आणि तिरकी रेघ ही बटणे दीडपट रुंद असतात), म्हणजे 285 मिमी रुंदी लागते. 11 इंची टॅबलेटच्या केसमध्ये कडा सोडून हाती राहतात 236 मिमीच्या आसपास. मग कंपनी काय करते? दहा अक्षरांना 18 मिमी देऊन 180 मिमी खर्च करते आणि उरलेल्या 56 मिमीत टॅब, दोन कंस आणि तिरकी रेघ कोंबते. इंग्रजी लिहिणाऱ्याचे यात काहीच बिघडत नाही, कारण चौकटी कंस त्याला दिवसाकाठी एकदाही लागत नाही.

इनस्क्रिप्टने, म्हणजे प्रत्येक बटणावर देवनागरी अक्षर असलेल्या मांडणीने लिहिणाऱ्याचे मात्र बिघडते, कारण आपली अक्षरे नेमकी त्याच कडेला आहेत. च अर्धविरामाच्या बटणावर, ट एकेरी अवतरणाच्या, ड डाव्या चौकटी कंसाच्या, ॉ उलट्या तिरक्या रेघेच्या, य साध्या तिरक्या रेघेच्या आणि ृ बरोबरच्या चिन्हाच्या बटणावर. इंग्रजीसाठी जी अडगळ, ती मराठीची रोजची अक्षरे आहेत. ही बटणे 10-12 मिमीची केली असतील तर ट च्या जागी एंटर दाबला जातो आणि वाक्य मध्येच तुटून पुढच्या ओळीवर जाते.

लहान केसमध्ये याहून वाईट प्रकार असतो. ही बटणे वेगळी दिलेलीच नसतात, ती एफएन (Fn) हे बटण धरून दुसऱ्या अक्षरावर दाबायची असतात. म्हणजे ड साठी दोन बटणे आणि ढ साठी शिफ्टसकट तीन. असा कीबोर्ड मराठीसाठी घेऊच नये.

दुकानात पाहायला मिळाला तर ‘डॉक्टर’, ‘कृपया’, ‘चढाओढ’ हे तीन शब्द पाच-पाच वेळा लिहून बघा. वर सांगितलेली सहाही बटणे त्यांत येतात. नुसताच फोटो दिसत असेल तर एल आणि एंटर यांच्यामध्ये किती बटणे आहेत ते मोजा. दोन हवीत आणि दोन्ही शेजारच्या अक्षरांएवढी रुंद हवीत. एकच असेल तर पुढचे तपशील वाचायची गरज नाही.

रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना ही अडचण नाही, त्यांचे 26 बटणांवर भागते. पण लिप्यंतराचे जे ॲप स्क्रीनवरच्या कीबोर्डवर चालते, ते बाहेरच्या कीबोर्डबरोबर तसेच चालेल असे नाही. कोणाकडचा तरी ब्लूटूथ कीबोर्ड जोडून आधी खात्री करून घ्या. आयपॅडवर भाषा बदलायला कंट्रोल आणि स्पेसबार किंवा पृथ्वीगोलाचे बटण. अँड्रॉइडवर हे कंपनीगणिक बदलते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. 8 इंची टॅबलेट चांगला चालत असेल तर त्याला केस घेऊ नका. पूर्ण मापाचा सुटा ब्लूटूथ कीबोर्ड आणि एक घडीचा स्टँड घ्या. दोन वस्तू सांभाळाव्या लागतील, पण लिहिता येईल. 11 इंची टॅबलेट निव्वळ कीबोर्डसाठी घेण्यात मतलब नाही.

प्रश्न: पिनांनी जोडणारी केस चांगली की ब्लूटूथवाली?

उत्तर: टॅबलेटला पिनांची सोय, म्हणजे वर सांगितलेले धातूचे ठिपके, असेल आणि परवडत असेल तर पिनांची. तिला वीज टॅबलेटमधूनच मिळते, चार्जिंग नाही, पेअर करणे नाही, आणि टॅबलेट टेकवताच पहिल्या अक्षरापासून चालते. बिघडण्याचे मुख्य कारण म्हणजे ठिपक्यांवर साचलेला मळ किंवा टॅबलेटच्या पाठीवर चिकटवलेले जाड आवरण. कोरड्या मऊ कापडाने दोन्हीकडचे ठिपके पुसले की बहुतेक वेळा काम होते.

तोटा एकच, पण मोठा. टॅबलेट बदलला की ही केस बहुधा निकामी होते, आणि दुसऱ्या कशाला ती जोडताही येत नाही. ब्लूटूथवाली फोनला, संगणकाला, कशालाही चालते. वरच्या ओळीत ब्लूटूथच्या खुणेसह 1, 2, 3 अशी बटणे असलेली केस तीन उपकरणे लक्षात ठेवते. ही सोय उपयोगी आहे.

प्रश्न: केस मांडीवर ठेवून टाइप करताना टॅबलेट मागे कलंडतो. खराब माल आला का?

उत्तर: माल खराब नसावा, वजनाचा हिशेब चुकला आहे. लॅपटॉपमध्ये बॅटरी आणि बाकीचे अवजड भाग खाली असतात. टॅबलेटमध्ये सगळे वजन स्क्रीनच्या मागे. 10व्या पिढीच्या आयपॅडचे वजन 477 ग्रॅम आहे. त्याला बिजागरीवर उभा करून तोलायचा तर खालचा भागही जवळपास तेवढाच जड हवा, नाहीतर तो फार मागे झुकू देता कामा नये. चांगल्या बिजागरीच्या केस जड असतात त्या म्हणूनच. टॅबलेट आणि केस मिळून किलोच्या घरात जातात. ‘अतिशय हलकी’ आणि ‘लॅपटॉपसारखी उघडणारी’ हे दोन्ही एकाच खोक्यावर लिहिले असेल तर दुकानात उघडून स्क्रीनच्या वरच्या कडेला बोटाने टिचकी मारा. खालचा भाग उचलला गेला तर मांडीवर ती कलंडणारच.

मागे पाय असलेल्या केसचे वजन कमी असते, पण पायाला टेकायला जागा लागते. कीबोर्डच्या पुढच्या कडेपासून पायाच्या टोकापर्यंत मोजा. हे अंतर तुमच्या मांडीच्या लांबीपेक्षा जास्त भरले तर पाय गुडघ्यापलीकडे लोंबकळेल. दुमडून चुंबकी खाचेत टेकवण्याच्या केसमध्ये कोन दोनच मिळतात. ती टेबलावर उत्तम, मांडीवर मध्यम.

प्रश्न: थोडा वेळ थांबून लिहायला लागले की पहिली दोन-तीन अक्षरे उमटत नाहीत. कधीकधी एकच अक्षर ‘ससससस’ असे धावत सुटते.

उत्तर: हे दोन वेगळे त्रास आहेत. पहिल्यात दोष नाही. बॅटरी वाचवण्यासाठी कीबोर्ड काही मिनिटे हात न लावल्यास झोपतो, आणि पहिल्या बटणाने जागा होऊन पुन्हा जोडला जाईपर्यंत सेकंद-दोन सेकंद जातात. लिहिण्याआधी शिफ्ट एकदा दाबून क्षणभर थांबा. शिफ्टने काही उमटत नाही, कीबोर्ड मात्र जागा होतो.

दुसऱ्यात बटण सोडल्याचा निरोप टॅबलेटपर्यंत पोचत नाही, म्हणून ते अजून दाबलेलेच आहे असे टॅबलेट समजतो. आधी कीबोर्ड पूर्ण चार्ज करा. मग टॅबलेटला यूएसबी 3 चा हब किंवा हार्ड डिस्क लावली असेल तर काढून बघा. त्यांच्यातून निघणारा गोंधळ ब्लूटूथच्याच 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात पडतो. तरीही थांबले नाही तर ब्लूटूथच्या यादीतून कीबोर्ड ‘फर्गेट’ करून नव्याने पेअर करा. त्याआधी जुन्या फोनमधूनही तो काढून टाका, नाहीतर शेजारच्या खोलीतला फोनच त्याला आधी पकडतो. नेहमी एकच अक्षर धावत असेल तर मात्र बटण खाली अडकते आहे. केस उलटी धरून हळू आपटा, फटीत हवा मारा.

प्रश्न: नवी केस टाइप-सी चार्जरला लावली तर दिवाच लागत नाही. बदलून घ्यावी का?

उत्तर: आधी केबल बदलून बघा. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमधून चार्जर लगेच वीज सोडत नाही. समोरच्या पोर्टमध्ये 5.1 किलोओहमचे रेझिस्टर दिसले तरच तो 5 व्होल्ट देतो. स्वस्त कीबोर्डमध्ये हे रेझिस्टर कधीकधी गाळलेले असतात. मग चार्जरच्या लेखी केबलच्या टोकाला काहीच नसते. एका टोकाला जुने चपटे यूएसबी-ए असलेली केबल लावली की वीज थेट मिळते आणि दिवा लागतो. सोबत आखूड ए-टू-सी केबल दिलेली असते, ती उगाच नसते. ती लावूनही अर्ध्या तासात दिवा लागला नाही तर केस परत करा.

बरेच दिवस वापरायची नसेल तर निम्मी चार्ज करून मागचा स्विच बंद करून ठेवा. पूर्ण उतरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने पडली की बॅटरी पुन्हा उठत नाही. आणि मधला पत्रा फुगल्यासारखा दिसला किंवा ट्रॅकपॅड दाबला जाईनासा झाला तर तिला पुन्हा चार्जरला लावू नका. आतली बॅटरी फुगली आहे.

प्रश्न: शिफ्ट आणि 2 दाबले की @ ऐवजी " येते.

उत्तर: टॅबलेट कीबोर्डला ब्रिटिश मांडणीचा समजतो आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्ड शोधा, तुमच्या कीबोर्डच्या नावाखाली इंग्लिश (यूएस) निवडा. आवाज किंवा प्रकाशाची बटणेही भलतीच कामे करत असतील तर कीबोर्ड दुसऱ्याच प्रणालीच्या मोडमध्ये आहे. तो एफएन आणि एखादे अक्षर धरून बदलतो. कोणते अक्षर, ते बटणावर बारीक छापलेले असते.

प्रश्न: बटणांवर देवनागरी स्टिकर लावले तर चालतील का? आणि स्क्रीनवर बटणांचे ठसे का उमटतात?

उत्तर: चालतील, पण बटणांखाली दिवा असेल तर पारदर्शक पायावरचे घ्या. अपारदर्शक स्टिकरने उजेड अडतो. ठसे म्हणजे बोटांचे तेल आहे. केस मिटल्यावर बटणे काचेला टेकतात. कडेने रबरी ठिपके असतील तर फट राहते. खरेदीआधी मिटलेल्या केसमध्ये कागदाची पट्टी सरकवून बघा. सैल निघाली तर ठीक. स्टिकर लावायचे असतील तर तीच पट्टी दुहेरी दुमडून सरकवा.

प्रश्न: वडिलांना पेसमेकर आहे. चुंबकाची केस त्यांना वापरायला द्यावी का?

उत्तर: वापरता येईल, पण छातीपासून किमान 15 सेंमी दूर. म्हणजे टेबलावर चालेल, पडल्यापडल्या छातीवर टेकवून वाचायला चालणार नाही. त्यांच्या डॉक्टरांना केस दाखवून एकदा विचारून घ्या. आणि पट्टीची चुंबकी कार्डे केसच्या खिशात ठेवू नका.