ससेप्टिबिलिटी: संवेदनशीलता, जोखीम की प्रवणता?

प्रश्न असा आला आहे: 'जनुकीय भिन्नतेमुळे स्त्रियांची एचआयव्हीबाबतची ससेप्टिबिलिटी कशी बदलते' यावर मराठीत लिहायचे आहे, तर ससेप्टिबिलिटीला, म्हणजे लागण होण्याकडे असलेल्या शरीराच्या कलाला, 'संवेदनशीलता' म्हटले तर चालेल का?

माझ्या मते नको. संवेदनशील म्हटले की मराठी वाचकाला हळवे मन आठवते. शिवाय वैद्यकात हा शब्द औषधाला दाद देणाऱ्या जंतूंसाठी आणि चाचण्यांच्या संदर्भात आधीच वापरात आहे.

'जोखीम'ही इथे बसत नाही. जोडीदाराच्या रक्तात विषाणू किती आहेत, निरोध वापरला का, योनिमार्गात आधीच दाह आहे का, हे सगळे मिळून जोखीम ठरते. ससेप्टिबिलिटी हा त्यातला फक्त शरीराकडचा भाग: सारखाच संपर्क घडूनही एकीला लागण होते आणि दुसरीला होत नाही, तो फरक. यासाठी मी 'संसर्गप्रवणता' सुचवेन. प्रवण म्हणजे उतरता, झुकलेला. अपघातप्रवण, अवर्षणप्रवण हे शब्द रुळलेलेच आहेत. त्यांत कल सांगितलेला असतो, अटळपणा नाही, आणि जनुकांबद्दल बोलताना तेच हवे.

हा फरक किती खरा आहे ते केनियातल्या नैरोबीत दिसले. तिथल्या पुमवानी भागात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सुरू झाला. विषाणूशी वर्षानुवर्षे संपर्क येऊनही त्यांतल्या काही जणींना लागण झाली नाही. जोखीम प्रचंड, प्रवणता कमी! त्यांच्यात एचएलए जनुकांचे (बाधित पेशी ओळखायला शरीराला मदत करणाऱ्या जनुकांचे) काही प्रकार आणि आयआरएफ-१ या, संरक्षण यंत्रणेचे नियमन करणाऱ्या जनुकातले काही भेद जास्त आढळले. पण यातल्याच काही स्त्रियांना पुढे, आणि तेही व्यवसायात खंड पडल्यानंतर, लागण झाली. म्हणून त्यांच्याबद्दल 'रोगमुक्त' किंवा 'अभेद्य' असे लिहू नका. 'संपर्क येऊनही बाधित न झालेल्या' हे लांबलचक असले तरी खरे आहे.

'जनुकीय दोष' हा शब्दप्रयोगही कटाक्षाने टाळा. पांढऱ्या पेशींवरचे सीसीआर५ हे प्रथिन म्हणजे एचआयव्हीला आत शिरायचे दार. काहींच्यात हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला डीएनएच्या ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. आई आणि वडील दोघांकडूनही असाच जनुक आला असेल, तर ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही आणि एचआयव्हीच्या नेहमीच्या प्रकारांची लागण सहसा होत नाही. हे १९९६ मध्ये कळले. इथे गळतीच संरक्षण देते आहे, मग तिला दोष कसे म्हणणार? 'भेद' किंवा 'भिन्नता' म्हणा. त्याच कारणाने 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्दही इथे चुकतो, कारण शरीर प्रतिकार करतच नाही, विषाणूला वाटच मिळत नाही. हा भेद मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, आफ्रिकेत तो फार विरळ आहे. त्यामुळे नैरोबीच्या स्त्रियांचे संरक्षण त्यातून आलेले नाही.

लागण होणे आणि लागणीनंतर आजार वाढणे या दोन गोष्टीही वेगळ्या ठेवा. एचएलए-बी५७ हा एचएलए जनुकाचा प्रकार असलेल्यांमध्ये आजार बहुधा सावकाश वाढतो. तिथे प्रवणता नको, 'आजाराची गती' म्हणा.

आता तुमच्या वाक्यातल्या 'स्त्रियांची' या शब्दाकडे येऊ. 'स्त्रियांची संसर्गप्रवणता' वाचून स्त्रिया पुरुषांपेक्षा जनुकांमुळेच जास्त प्रवण असतात, असा समज होईल. सीसीआर५ हे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे, ते स्त्री-पुरुष दोघांतही असते. तुमचा विषय एका स्त्रीत आणि दुसऱ्या स्त्रीत असलेल्या फरकाचा आहे. स्त्रियांकडे बोट दाखवणारा असा गैरसमज आपल्या एका प्रत्ययामुळे पसरू नये, असे मला फार वाटते. म्हणून मी शीर्षक असे करेन: 'काही स्त्रियांना एचआयव्हीची लागण चटकन का होते, काहींना का होत नाही: जनुकभेदांचा वाटा'. 'संसर्गप्रवणता' ही संज्ञा मग पहिल्याच परिच्छेदात, अर्थ सांगून, आणता येईल.