वांशिक शेरा, पूर्वग्रह आणि वंशवाद यांत नेमका फरक काय? प्रत्येक शेरा म्हणजे वंशवादच का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या टीममधल्या एकाने परदेशातून आलेल्या नव्या सहकाऱ्याच्या रंगावरून सगळ्यांदेखत काहीतरी म्हटलं. काही जण म्हणाले, हा उघड वंशवाद आहे. बाकीचे म्हणाले, गंमत होती, तो माणूस मनाने चांगला आहे. आता या तीन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या, असं तुम्ही विचारताय.

अशा वादात "मनाने चांगला आहे" हे वाक्य हमखास येतं आणि तिथून पुढे सगळी चर्चा बोलणाऱ्याच्या मनाची होते. ज्याला ते ऐकून घ्यावं लागलं, तो बाजूला पडतो. मला हे फार खटकतं. कुणाच्या मनात काय आहे हे तुम्ही-मी सांगू शकत नाही. काय बोललं गेलं, काय ठरवलं गेलं आणि त्यातून कुणाचं काय झालं, हे मात्र तपासता येतं.

शेरा म्हणजे बोललेली गोष्ट. पूर्वग्रह म्हणजे माणूस समोर येण्याआधीच त्याच्याबद्दल डोक्यात लागलेला निकाल. आणि वंशावरून कुणाला कमी लेखणं वागणुकीत, निर्णयात, नियमात उतरलं की तो वंशवाद. तिन्ही एकत्र सापडतात, पण एक असलं की दुसरं असतंच असं नाही, आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

आधी शेऱ्याचं बघू. वंशाचा किंवा रंगाचा नुसता उल्लेख वाईट नसतो. हरवलेल्या माणसाचं वर्णन देताना त्याचा वर्ण सांगावा लागतो. त्वचारोगाच्या डॉक्टरला तर तो लक्षात घ्यावाच लागतो, कारण गडद त्वचेवर लालसर चट्टा वेगळा दिसतो. दुसऱ्या टोकाला उघड अपमान असतो. मे 2023 मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या मैदानात रेआल माद्रिद या फुटबॉल संघाच्या कृष्णवर्णीय खेळाडूला, व्हिनिशियस ज्युनियरला, प्रेक्षकांनी वांशिक शिवीगाळ केली. त्याबद्दल जून 2024 मध्ये तिघांना आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. फुटबॉल मैदानावरच्या वांशिक शिवीगाळीसाठी त्या देशात झालेली ती पहिली शिक्षा होती. तिथे मनात काय होतं हे विचारायची गरजच पडत नाही.

अवघड असतात ते मधले शेरे, कारण ते कौतुकाच्या किंवा कुतूहलाच्या कपड्यात येतात. "तू तुझ्या लोकांसारखा अजिबात वाटत नाहीस." "हो, पण मूळचा कुठला?" बोलणाऱ्याला हे आपुलकीचं वाटू शकतं. पण पहिल्या वाक्यात 'तुझे लोक' म्हणजे कसे असतात हे गृहीत धरलेलं आहे. दुसरा प्रश्न एकदा ऐकला तर काहीच नाही. मात्र ज्याचे आईवडीलही त्याच देशात जन्मले, त्याला तो महिन्यातून दहा वेळा विचारला गेला की त्यातून एवढंच कळतं, की आपल्याला अजून इथला मानत नाहीत. हार्वर्डमधले मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पियर्स यांनी अशा बारीक, रोजच्या टोचण्यांना 1970 मध्ये 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' हे नाव दिलं. प्रत्येक टोचणीची तक्रार करत बसावं असं मी म्हणत नाही, पण ऐकणारा 'उगाच हळवा' आहे असं म्हणण्याआधी ती कितवी टोचणी आहे याचा विचार करावा.

आता पूर्वग्रह. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर एका तरुण चिनी जोडप्याबरोबर मोटारीने अमेरिकेत फिरले. त्या काळात तिथे चिनी लोकांविषयी उघड तिटकारा होता. वाटेत त्यांनी 251 हॉटेलं, लॉज आणि खानावळी गाठल्या आणि नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. नंतर लापिएरनी त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं, की तुम्ही चिनी ग्राहक घ्याल का? 128 उत्तरं आली. त्यांतली 90 टक्क्यांहून जास्त 'नाही' अशी होती. पत्राला उत्तर देणारा आणि काउंटरवर उभा असलेला माणूस एकच असेल असं नाही, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय ते जोडपं हसतमुख, नीटनेटकं होतं आणि सोबत एक गोरे प्राध्यापक होते. तरी मला हा अभ्यास मोलाचा वाटतो. पूर्वग्रह डोक्यात पक्का असूनही समोर हाडामांसाचा माणूस आला की वागणं वेगळं होऊ शकतं, हे त्यातून दिसतं.

दुर्दैवाने याच्या उलटही होतं. तोंडाने समान संधीची ग्वाही द्यायची आणि निर्णयात मात्र पूर्वग्रह उतरवायचा. मारियान बर्ट्रँड आणि सेंथिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे 5,000 बनावट अर्ज पाठवले. त्यांवर काही ठिकाणी गोऱ्यांमध्ये आढळणारी नावं टाकली, काही ठिकाणी कृष्णवर्णीयांमध्ये आढळणारी. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे 50 टक्के जास्त बोलावणी आली होती. 'आम्ही समान संधी देतो' असं जाहिरातीत छापणाऱ्या कंपन्याही बाकीच्यांइतकाच भेदभाव करत होत्या. यात कुणी शेरा मारला नाही, कुणी कुणाला भेटलंसुद्धा नाही. अर्ज बाजूला पडला, इतकंच. आणि ज्याचा पडला त्याला ते कधी कळणारही नाही.

मी बरीच वर्षं मुलाखतींच्या पॅनलवर बसतोय, म्हणून हे जवळून पाहिलेलं सांगतो. दोन उमेदवार होते. कामाच्या ज्ञानात दोघांना जवळपास सारखे गुण. गुणपत्रकात शेवटी 'संवादकौशल्य' असा एक रकाना होता आणि त्यात वेगळ्या वंशाच्या उमेदवाराचे गुण सरळ निम्म्यावर आले होते. मी विचारलं, कुठल्या उत्तरावरून? कुणालाच एक उत्तर दाखवता येईना. एक जण म्हणाला, "तसं नाही, पण क्लायंटला जमेल का?" हे म्हणणारा माणूस अतिशय सभ्य, कुणाला कधी वावगं न बोलणारा. पण त्या रकान्यातले चार गुण त्या मुलाची नोकरी घालवायला पुरेसे होते. पुढच्या फेरीपासून आम्ही नियम केला, की प्रत्येक रकान्यातल्या गुणांपुढे उमेदवाराचं ते उत्तर लिहायचं, नाहीतर गुण धरायचे नाहीत. त्यानंतर तो रकाना इतर रकान्यांच्या जवळ आला. मनं बदलली की नाही मला माहीत नाही. निर्णय बदलले.

वंशवादाचं जे रूप लोकांना सगळ्यात कमी दिसतं ते नियमांत, कोष्टकांत, यंत्रांत बसलेलं असतं. याला संस्थात्मक वंशवाद म्हणतात. ही संकल्पना 1967 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय चळवळीचे कार्यकर्ते स्टोकली कारमायकल आणि राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स हॅमिल्टन यांनी मांडली. दक्षिण आफ्रिकेत 1950 च्या कायद्याने प्रत्येक माणसाची वंशवार नोंद झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कोणत्या वंशाने कुठे राहायचं हे ठरलं. हे कायदे 1991 पर्यंत टिकले. नोंद करणारा कारकून कितीही गोड बोलत असला, तरी कुणाचं घर जायचं थांबत नव्हतं.

तिथे निदान हेतू तरी लपलेला नव्हता. हेतू कुठेच दिसत नाही असं एक उदाहरण मूत्रपिंडाचं आहे आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मूत्रपिंड किती काम करतंय हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून, म्हणजे स्नायूंतून येणाऱ्या आणि मूत्रपिंड गाळून टाकतं त्या टाकाऊ पदार्थावरून, सूत्राने काढतात. आकडा जितका कमी, तितकं काम कमी. अमेरिकेत 1999 मध्ये मांडलेल्या सूत्राच्या पुढे रूढ झालेल्या रूपात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर आलेल्या आकड्याला 1.212 ने गुणायचे. 2009 च्या सुधारित सूत्रात हा गुणक 1.159 झाला. ज्या पाहण्यांवरून सूत्र बसवलं त्यांत मूत्रपिंडाचं काम सारखंच असताना कृष्णवर्णीयांचं क्रिएटिनिन सरासरीने जास्त आढळलं होतं आणि स्नायू जास्त असतात असं त्याचं कारण दिलं गेलं. सरासरीतला हा फरक मग प्रत्येकाला लावला गेला, सडपातळ म्हाताऱ्या बाईलासुद्धा.

आता परिणाम बघा. अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या यादीत, डायलिसिस सुरू झालेलं नसेल तर, प्रतीक्षेचा काळ मोजला जायला आकडा 20 किंवा त्याहून खाली यावा लागतो. वय, लिंग आणि क्रिएटिनिन सारखंच असलेले दोन रुग्ण घ्या. गोऱ्या रुग्णाचा आकडा 18 आला, तर त्याचे दिवस मोजायला सुरुवात. कृष्णवर्णीय रुग्णाचा तोच 18, गुणकामुळे जवळजवळ 21. त्याने थांबायचं. यादीत माणसं वर्षानुवर्षं वाट बघतात, त्यामुळे उशिरा नाव लागणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. हे करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने कुणाचा द्वेष केला नाही, डॉक्टरने शेरा मारला नाही. कित्येक डॉक्टर स्वतः कृष्णवर्णीय होते आणि तेही तोच अहवाल वाचत होते. 2021 मध्ये नॅशनल किडनी फाउंडेशन आणि अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजीच्या संयुक्त समितीने वंशाचा गुणक काढून टाकायला सांगितलं. 2023 पासून, या गुणकामुळे ज्यांची नोंद उशिरा झाली त्यांचा प्रतीक्षाकाळ मागे नेऊन मोजायला प्रत्यारोपण केंद्रांना भाग पाडलं गेलं आणि हजारो रुग्ण यादीत वर सरकले. दरम्यान जे गेले, त्यांचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही.

"पण हेतू नव्हता ना?" असं कुणी म्हणालं की मला हेच उदाहरण आठवतं. संयुक्त राष्ट्रांच्या 1965 च्या वांशिक भेदभावविरोधी करारातली व्याख्याही हेतूवर अडत नाही. माणसाच्या हक्कांना धक्का देणं हा वागण्याचा हेतू असला किंवा परिणाम असला, दोन्ही तिच्यात येतात.

तिन्ही गोष्टी एकाच घटनेत बघायच्या असतील तर लंडनमधलं स्टीफन लॉरेन्स प्रकरण वाचा. 22 एप्रिल 1993 रोजी एल्टममध्ये बसची वाट बघणाऱ्या या 18 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने हल्ला केला. आधी वांशिक शिवी, मग चाकू. स्टीफन त्यात गेला. त्याच्यासोबतचा मित्र वाचला. पोलीस आले, पण त्यांनी त्या मित्राला हल्ल्यातला पीडित म्हणून नीट वागवलंच नाही. जमिनीवर पडलेल्या मुलाला धड प्रथमोपचारही मिळाले नाहीत. 1999 मध्ये सर विल्यम मॅकफर्सन यांच्या चौकशी अहवालाने पोलीस दलात संस्थात्मक वंशवाद असल्याचं नोंदवलं आणि नकळतचा पूर्वग्रह, अज्ञान, बेफिकिरी हीसुद्धा त्याचीच रूपं आहेत असं स्पष्ट केलं. दोघांना शिक्षा व्हायला जानेवारी 2012 उजाडला. ती शिवी टोळक्याची होती, पण एवढा उशीर काही त्या टोळक्याने केला नाही.

ज्याच्या हातात सत्ता नाही तो वंशवादी असू शकतो का, हेही तुम्ही विचारलंय. काही अभ्यासक म्हणतात, पूर्वग्रहाला सत्तेची जोड मिळाली तरच वंशवाद. संस्थांबद्दल बोलताना मला हे पटतं. ज्यांच्या हाती नियम नाहीत ते नियमांतून कुणाला अडवू शकत नाहीत. व्यक्तीबद्दल बोलताना मात्र पटत नाही. व्हिनिशियसच्या पगारावर त्या प्रेक्षकांचा काडीचा ताबा नव्हता, तरी त्यांनी केलं तो वंशवादच. उद्या अल्पसंख्य गटातल्या कुणी दुसऱ्याला वंशावरून शिवी दिली तर मी तिलाही वेगळं नाव देणार नाही. फक्त तिच्यामागे पोलीस, बँक, कोर्ट उभं नसतं, आणि हा फरक छोटा नाही.

आता तुमच्या टीमकडे. चारचौघांत कुणाच्या रंगावर बोट ठेवणं हा वांशिक शेरा आहे आणि त्यातून ऐकणाऱ्याला कमीपणा आला असेल तर तो वर्णद्वेषी शेरा आहे. हे म्हणायला बोलणाऱ्याचं काळीज उघडून बघायची गरज नाही. "तू वंशवादी आहेस" अशी सुरुवात केलीत तर तो आयुष्यभराचा चांगुलपणा पुढे करेल आणि तुम्ही त्यातच अडकाल. "तू अमुक वाक्य बोललास, ते अपमानकारक होतं, पुन्हा बोलू नकोस" एवढंच म्हणा आणि त्या वाक्यावर ठाम राहा. नव्या सहकाऱ्याला सगळ्यांसमोर "तुला वाईट वाटलं का?" असं विचारू नका. नव्या जागी, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असताना कुणीही "नाही" असंच म्हणेल. एकट्याला भेटून विचारा आणि त्याला बोलायचं नसेल तर तिथेच थांबा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पुढचे काही महिने त्याच्या वाट्याला कसलं काम येतंय, कुठल्या मीटिंगचं निमंत्रण त्याला जात नाही आणि त्याच्या मूल्यमापनात त्या शेरा मारणाऱ्याचा हात आहे का, याच्यावर लक्ष ठेवा. हात असेल तर प्रकरण शेऱ्यावर थांबलेलं नाही. मग तारीख, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहून लेखी तक्रार करा, आणि त्याचं मूल्यमापन दुसऱ्या कुणाकडे द्यावं ही मागणी त्याच तक्रारीत करा.