पेपरात पुढे, चर्चेत गप्प

नमस्कार ताई,

मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, पेपर उत्तम लिहिते, पण वर्गात चर्चा सुरू झाली की गप्प बसते. पुढे ग्रुप डिस्कशनमध्ये तिचं कसं होणार, व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावू का, असं तुम्ही विचारलं आहे.

क्लासची घाई नको. तिथे बहुतेक वेळा भाषण पाठ करून घेतात. चर्चेत मात्र दुसऱ्याचं ऐकता ऐकता आपलं वाक्य जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला आढळलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ते ३ सेकंद किंवा जास्त थांबले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प राहणं कमी झालं. प्रत्येक शिक्षक थांबेलच असं नाही, म्हणून विचार करायचा वेळ तिने आदल्या दिवशीच काढून ठेवावा.

उद्याचा भाग १५ मिनिटं वाचून वहीच्या मागच्या पानावर दोन प्रश्न लिहायचे. सुरुवातीला प्रश्नच बरे, कारण उत्तर चुकायची भीती त्यात नसते. त्यातला एक प्रश्न तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाकायचा. थांबलं की धडधड वाढते, शिवाय तोच मुद्दा दुसरं कुणी तरी मांडून जातं. सगळ्या विषयांत एकदम नको; ज्या शिक्षकांची भीती कमी वाटते, त्यांच्याच तासाला दोन आठवडे करू द्या. मुद्दा शब्दशः पाठ मात्र करू देऊ नका, एक शब्द अडला की सगळंच अडतं. पहिलं वाक्य पक्कं असावं, पुढचं दोन-तीन शब्दांच्या टिपणावर.

मग दुसऱ्याच्या बोलण्याला जोडून बोलायचं: ‘हे पटतं, पण खर्चाचं काय?’ ग्रुप डिस्कशनमध्ये हेच कामाला येतं. दहा जण आणि १५ मिनिटं असतील तर वाट्याला दीड मिनिट येतं. तेवढ्यात दोन-तीन नेमके मुद्दे मांडले तरी पुष्कळ.

आणि ताई, रोज ‘आज बोललीस का?’ असं विचारू नका, त्याची तिला धास्तीच बसेल. ‘आज कुणाचं म्हणणं पटलं नाही?’ असं विचारा आणि तिचं वाक्य पूर्ण होऊ द्या.

एवढं करूनही ती तासच टाळू लागली, बोलायच्या विचाराने हात कापू लागले, तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेटा.