संघराज्य नको, आणि मार्गरेट तर 'घरधनी'!

प्रश्न आलाय : १३९७ साली डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन एका मुकुटाखाली आले, त्या काल्मार युनियनला मराठीत 'संघराज्य' म्हणावं का? आणि ते जुळवून आणणाऱ्या मार्गरेटला राणी म्हणावं की राजप्रतिनिधी?

संघराज्य अजिबात नको. 'युनियन' दिसलं रे दिसलं की हा शब्द चिकटवायची खोड आता असह्य झाली आहे. तिथे तिन्ही राज्यांचे कायदे वेगळे, सरदारांच्या परिषदा वेगळ्या. सामाईक काय, तर राजा. 'काल्मार संघ' म्हणा आणि मोकळे व्हा.

खरी मजा मार्गरेटच्या पदवीत आहे. तिचा मुलगा ओलाफ, डेन्मार्क-नॉर्वेचा राजा, १३८७ च्या ऑगस्टमध्ये वारला. डॅनिश लोकांनी लगेच तिला निवडलं, ते 'सर्वाधिकारी स्वामिनी आणि हुसबोंदे, अख्ख्या डेन्मार्कची पालक' म्हणून. बाईला 'हुसबोंदे'! हाच शब्द स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात गेला आणि 'हजबंड' झाला.

आता कुणीतरी सांगणार की घराला बांधून ठेवतो तो हजबंड, म्हणजे आपला 'बंध्' धातू. कृपा करा. 'हूस' म्हणजे घर हे बरोबर, पण 'बोंदी' बांधणारा नव्हे, वसणारा. मूळ रूप 'बूआंदी', क्रियापद 'बूआ' : राहणे, वस्ती करणे. आणि हे क्रियापद संस्कृत 'भू'च्याच कुळातलं! त्याच 'भू'चं भवति, प्राकृतात होइ, मराठीत होणे. 'भवन'ही तिथलंच. जर्मन 'बावर' आणि दक्षिण आफ्रिकेतले 'बोअर' याच गोतावळ्यातले शेतकरी. इंग्रजीत 'हजबंड'चा पहिला अर्थ घराचा मालक; नवरा हा अर्थ मागून आला. 'हजबंड्री' म्हणजे शेती, त्यात जुना अर्थ अजून टिकून आहे.

आपल्याकडे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आयते आहेत : घरधनी. 'यजमान' शब्दही यज्ञ करणाऱ्यापासून निघून घरमालकावरून नवऱ्यापर्यंत पोचला, पण त्याला होमाचा वास येतो. म्हणून माझं मत पक्कं आहे : मार्गरेट ही डेन्मार्कची धनीण आणि घरधनी, दोन्ही. 'घरधनीण' लिहून सोवळं करू नका; पदवीतला पुल्लिंगी शब्द मुद्दाम घातलाय असं मला वाटतं. राजा म्हणता येईना, पण राजाचा अधिकार तर द्यायचा होता.

'राजप्रतिनिधी' लिहिणाऱ्या विद्वानांना एकच विचारायचंय : प्रतिनिधी कुणाची? निवड झाली तेव्हा सिंहासन रिकामं होतं. बहिणीचा नातू एरिक पुढे आला तो नंतर. १३९७ मध्ये काल्मारला मुकुट त्याच्या डोक्यावर चढला खरा, पण १४१२ मध्ये मरेपर्यंत कारभार तिनेच हाकला.