कंपनीने नवे शेअर काढले, माझे ५०० तेवढेच आहेत, मग तोटा कसा?

शेअर तेवढेच राहतात, पण हिस्सा कमी होतो. आपल्या दिंडोरीकडची द्राक्षबाग समजा, दहा जणांची, त्यात अजून दहा जण घेतले तर तुमचा दहावा वाटा विसावा झाला. आता त्यांनी बाजारभावाने पैसे आणले आणि त्यातून नवी लागवड झाली तर काही बिघडत नाही, पण अडचणीतल्या टेक कंपनीत बहुतेक वेळा तो पैसा जुनं कर्ज आणि पगार भागवण्यात जातो आणि शेअरही स्वस्तात द्यावे लागतात, खरी मार तिथे बसते.

व्होडाफोन आयडियाचंच बघा, एप्रिल २०२५ मध्ये सरकारने ३६,९५० कोटींच्या थकबाकीच्या बदल्यात कंपनीचे नवे शेअर १० रुपये दराने घेतले, सरकारचा हिस्सा २२.६ वरून ४८.९९ टक्के झाला, बाकी सगळ्यांचा तेवढा आकसला. कंपनीवरचा बोजा उतरला हेही खरंय.

राइट्स इश्यू, म्हणजे जुन्या शेअरधारकांना नवे शेअर घ्यायचा हक्क, आला तर झोपून राहू नका हो, पैसे घालायचे नसतील तर तो हक्क डिमॅटमधून मुदतीत विकता येतो, नाहीतर तो बुडतो. माझ्या काकांचा असाच गेला, अजून वाईट वाटतं. प्रेफरेन्शियल, म्हणजे निवडक लोकांनाच नवे शेअर द्यायचे असतील तर ठरावावर ई-व्होटिंग (ऑनलाइन मतदान) असतं, पडलेल्या मतांपैकी ७५ टक्के बाजूने लागतात, तुमचं मत नक्की टाका.