कोरोनाकाळात 'कोरोनाची मदत' म्हणून शेतकऱ्यांच्या खात्यात आलेले पैसे कोणाला मिळाले, हे कुणालाही पाहता येतं का?

येतं. पीएम-किसान या केंद्राच्या योजनेत शेतकऱ्यांना वर्षाला ६००० रुपये मिळतात, तिच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की लाभार्थ्यांची नावं दिसतात. पण तुम्ही 'कोरोनाची मदत' म्हटलंय, त्याबद्दल आधी सांगतो. २६ मार्च २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ८.७ कोटी शेतकऱ्यांना एप्रिलच्या सुरुवातीला २००० रुपये देण्याची घोषणा केली. ते जास्तीचे नव्हतेच. वर्षाच्या ६००० मधला एप्रिल ते जुलैचा हप्ता लवकर सोडला, एवढंच. आमच्याकडे लोक अजून 'कोरोनाचे दोन हजार' म्हणतात, मी वाद घालायचं सोडून दिलंय.

लॉकडाऊनमध्ये हाताला काम नव्हतं, तेव्हा गावची यादी मोबाइलवर पहिल्यांदा नीट वाचली. दोन-तीन घरांत नवरा-बायको दोघांचीही नावं. नियमाने पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं मिळून एक कुटुंब, हप्ता एकच. महिन्याला दहा हजारांच्या वर पेन्शन घेणारे, म्हणजे अपात्र, असे एक गुरुजीही यादीत होते. गावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण भावकीत तक्रार करणार कोण? बांधाला बांध लागलेला, उद्या पाण्याच्या पाळीला त्यांच्याच दारात जायचं. मीही गप्प बसलो, हे कबूल करतो.

त्यामुळे यादी उघडी ठेवल्याने चोरी थांबते यावर माझा फारसा विश्वास नाही. अपात्र लोक मोठ्या संख्येने उघडे पडले ते आयकराच्या नोंदींशी नावं ताडून पाहिल्यावर. केंद्रीय कृषी मंत्रालयाने माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार जुलै २०२० पर्यंत २०.४८ लाख अपात्रांना १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यांतले निम्म्याहून जास्त आयकर भरणारे. पंजाब आणि आसामच्या खालोखाल महाराष्ट्र, सुमारे २.८६ लाख. मग तहसीलमधून वसुलीच्या नोटिसा निघाल्या आणि गावात एकदम शांतता पसरली.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. ज्यांना मिळालं त्यांची यादी आहे, ज्यांचं नाकारलं त्यांची कुठेच नाही. आमच्या आळीतल्या एका काकूंचे यजमान वारले, वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागलं. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आली तर लाभ नाही, पण वारसाने आली असेल तर त्याला सूट आहे. तरी अर्ज अडकला. सेवा केंद्रवाला म्हणे तलाठ्याकडे जा, तलाठी म्हणे कृषी सहायकाकडे, आणि तिथे उत्तर मिळालं, 'वरून पेंडिंग आहे'. स्वतःच्या नोंदीची स्थिती पाहायला नोंदणी क्रमांक आणि ओटीपी लागतो, आणि काकूंचा नोंदवलेला मोबाइल नंबर होता दिवंगत यजमानांचा. बटईने करणाऱ्यांचं तर विचारूच नका. योजना सातबारा पाहते, त्यांचं नाव कुठल्याच यादीत येणार नाही.

नावं जाहीर करू नयेत असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. नाव, गाव, रक्कम दिसावी. आधार आणि खाते क्रमांक मुळीच दिसू नये.

तुम्हाला माहिती काढायची असेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ (१) (ख) (बारा) चा उल्लेख करा. अनुदान योजनांचे लाभार्थी आणि रक्कम सरकारने मागितल्याशिवायच जाहीर करायची, असं ते कलम सांगतं. तालुक्यात या योजनेचं काम पाहणाऱ्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. मात्र २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचंच कलम ८ (१) (ञ) बदललंय, 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं आता सोपं झालंय. म्हणून नावं मागू नका. गावातून किती अर्ज आले, किती नाकारले, प्रत्येक नकाराचं कारण काय आणि कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होते, एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील करा, त्याला वेगळा स्टॅम्प लागतो.