दोन तासांची लाईट आणि मिनिटात भरणारा कंडेन्सर

प्रश्न : तासगावजवळ मळ्यात राहतो. घरच्या इन्व्हर्टरला १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी आहे. पावसाळ्यात कधीकधी दिवसाला दोनच तास लाईट असते, तेवढ्यात ती भरत नाही. मुलगा म्हणतो, सुपरकपॅसिटर मिनिटभरात भरतो, तोच बसवू. बसवावा का?
– एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : नको. पण चिरंजीवांवर रागावू नका, ते खोटं बोलत नाहीत. सुपरकपॅसिटर म्हणजे तुमच्या मोटारीच्या कंडेन्सरचा थोरला भाऊ. तो मायक्रोफॅरडमध्ये, म्हणजे फॅरडच्या दहा लाखाव्या भागात मोजायचा, हा शेकड्या-हजारांच्या फॅरडमध्ये. मी ५०० फॅरडचा एक आणून दुकानात भरला आणि नको तो शहाणपणा करत दोन्ही टोकांवर पाना टेकवला. पान्यावर अजून काळा डाग आहे.

सांगलीजवळच्या हरिपूरची, हळद साठवायची जमिनीतली पेवं तुम्ही पाहिली असतील. हळद पेवात उतरवायला वेळ लागतो, काढायलाही. पण आत टिकते. बॅटरीत वीज अशी रसायनात उतरते. सुपरकपॅसिटर म्हणजे ओट्यावर टाकलेली पोती. टाकली झटकन, उचलली झटकन, पण ओटा केवढासा! २.७ व्होल्ट, ३००० फॅरडच्या सेलमध्ये जेमतेम ३ वॉट-अवर मावतात. तुमच्या बॅटरीत १२ व्होल्ट गुणिले १५० एएच, म्हणजे १८००, पावणेदोन युनिटच्या वर. सहाशे सेल लागले, प्रत्येकी अर्धा किलो धरा. शिवाय सुपरकपॅसिटर ठेवल्या ठेवल्या बॅटरीपेक्षा लवकर ओसरतो. जिथं काही सेकंदच जोर हवा, तिथं मात्र त्याला तोड नाही. वीज गेली की मोठ्या पवनचक्कीची पाती वाऱ्यातून वळवून ती थांबवायची असते. ते काम तो करतो, आणि लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी थकत नाही.

आणि समजा, पाच मिनिटांत भरणारी बॅटरी मिळालीच. १८०० वॉट-अवर पाच मिनिटांत म्हणजे साडेएकवीस किलोवॉट, २३० व्होल्टला नव्वदच्या वर अँपिअर. घरातला मोठा प्लग सोळाचा! बॅटरीआधी वायरिंग पेटेल.

तुमचं दुखणं मला चार्जरमध्ये दिसतं. अशा इन्व्हर्टरचा चार्जर साधारण १५ अँपिअर देतो. दोन तासांत ३० एएच, बस्स. लेड-ॲसिड बॅटरी कायम अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती अकाली जाते. नवी बॅटरी आणून जुन्याच इन्व्हर्टरला जोडली, तर पैसे पाण्यात.

लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएच बॅटरी आणि तिला चालणारा ५० अँपिअरचा चार्जर घेतला, तर दोन तासांच्या आसपास भरते. अर्धवट राहिली तरी तिला सल्फेटचा रोग नाही. लिथियम टायटनेट याहून कितीतरी वेगानं भरते, पण तेवढ्याच विजेला जास्त वजन आणि जास्त पैसे. मळ्यातल्या घराला कशाला?

काही घ्यायच्या आधी इन्व्हर्टरच्या पाठीवरची पट्टी वाचा. चार्जिंग करंट किती आणि लिथियमची सोय आहे का, ते कळवा.